फळ्यावरची मधली रेघ

फळा काळा करायचा असेल तर दुकानातला काळा रंग आणू नका. त्याला चकाकी असते, दुपारच्या उन्हात अक्षर दिसत नाही. टॉर्चचे संपलेले सेल फोडा, आतला कोळसा बारीक कुटा, मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, जी खळ लावतात त्यात कालवा आणि फडक्यानं तीन हात द्या. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. खडू साखरेच्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवा. त्यानं अक्षर ठळक उमटतं आणि वाऱ्यानं उडत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. सव्वीस वर्षं केलं, म्हणून सांगतो.

पूर्व नागपुरात आमचा कोष्ट्यांचा मोहल्ला. त्या काळी सकाळी उठलं की घराघरातून हातमागाची खटखट ऐकू यायची. मोहल्ल्याचं एक वाचनालय होतं, दोन खोल्यांचं. मी तिथला चपराशी. झाडायचं, पेपर लावायचे, पाणी भरायचं, आणि सकाळी आठच्या आत चौकातल्या फळ्यावर बातम्या लिहायच्या. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही पुरी नाही. पण अक्षर असं की शाळेचे मास्तर पोरांना आणून दाखवायचे. मी कोष्ट्याचा मुलगा. सूत सरळ न्यायची हाताला सवय होती, ओळ वाकडी कशी जाईल?

पेपर तेव्हा घरोघरी येत नव्हता. रेडिओ मोहल्ल्यात मोजके. बहुतेक लोकांना वाचताही येत नव्हतं. त्यामुळे ज्याला येत होतं तो फळ्यासमोर उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. नळावर गेलेल्या बाया ऐकून घरी न्यायच्या. नऊ वाजेपर्यंत माझा फळा शेवटच्या गल्लीपर्यंत पोचलेला असायचा. एवढी ताकद खडूत असते हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मी घाबरलो होतो, आणि आजही तो विचार आला की छाती भरून येते.

फळ्याचा कायदा वाचनालयाच्या सेक्रेटरींनी घालून दिला होता. आम्ही त्यांना नुसतं मास्तर म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याच्या मधोमध वरून खाली एक रेघ मारली. उजवीकडे वर लिहिलं 'झालं'. डावीकडे लिहिलं 'म्हणतात'.

मला म्हणाले, "गणपत, जे घडलं ते उजवीकडं. त्याले दोन साक्षी पाहिजेत, दोन वेगळ्या घरच्या, अन् दोघायनं डोळ्यानं पाह्यलेलं पाहिजे. कोनाले काय वाटते ते डावीकडं. त्याले साक्ष नको, पन नाव पाहिजे. बिननावाचं म्हननं फळ्यावर येनार नाई."

"अन् बाहेरगावच्या बातम्या? दिल्लीले कोन पाहून राह्यलं?"

"रेडिओ एक साक्ष, पेपर दुसरी. दोन्ही जुळले तर उजवीकडं."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. उजवीकडचं लिहिलेलं दिवसा पुसायचं नाही. पुसलं की लोक म्हणतात, कोणीतरी दाबलं. चूक झाली तर दुसऱ्या सकाळी दुरुस्त करायची. हा कायदा मी देवाच्या नेमासारखा पाळला. ह्यापायी पुढं जे झालं ते सांगायचं आहे, पण आधी थोडी गंमत सांगतो, म्हणजे कायदा कसा चालायचा ते कळेल.

माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी मी रेडिओवर ऐकलं आणि फळ्यावर लिहिलं. डावीकडे. 'माणूस चंद्रावर उतरला. – रेडिओ.' कॉलेजची पोरं पोट धरून हसली. एक जण म्हणाला, "काका, अख्खी दुनिया मानून राह्यली, अन् तुमी अजून म्हणतातवरच?" मी म्हटलं, "दुनियेनं मानलं तर दुनियेनं लिहावं. माह्या फळ्याले दुसरी साक्ष पाहिजे." पेपर आला, तेव्हा मी ती ओळ उजवीकडे नेली. तोवर तो बिचारा माझ्या फळ्यावर रेघेच्या अलीकडे लटकून होता.

एक पहिलवान यायचा. कुस्ती बरोबरीत सुटली तरी 'जिंकली' लिही म्हणायचा. मी म्हटलं, डावीकडे लिहितो, तुमच्या नावानं. तो म्हणाला, "माह्या नावानं काहून? लोक हासतीन ना गा!" तिथंच तो चीत झाला. नाव द्यायची वेळ आली की निम्मी म्हणणी अशीच गळून पडायची. बकरी चोरल्याची, करणी केल्याची, पाण्यात औषध टाकल्याची. लोक तावातावानं येत, मी खडू उचलून विचारी, नाव काय लिहू? मग त्यांना घरचं काम आठवायचं.

ज्याच्याकडे नाव द्यायची हिंमत होती त्याचं मी काहीही लिहिलं. सरकार वाईट आहे, सरकार चांगलं आहे, नगरसेवक कामाचा नाही, नगरसेवकासारखा माणूस नाही. सगळं डावीकडे, एकाखाली एक, नावासकट. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांची नावं तिथं शेजारी शेजारी असायची. मला तो देखावा फार आवडायचा.

मास्तर वारले. मग कायदा एकट्या माझ्याकडे आला. आणि माझ्या मनात गर्व शिरला. गणपतच्या फळ्यावर उजवीकडे आलं म्हणजे खरंच, असं लोक म्हणायचे. मीही मानायला लागलो.

मग महापालिकेची ती निवडणूक आली. संक्रांत नुकतीच झाली होती. आमच्या वॉर्डातून वसंतराव उभे होते, आधीचेच नगरसेवक, घरचे बरे, माणूस गोडबोल्या. त्यांच्यासमोर अपक्ष म्हणून उभी राहिली चंद्रभागाबाई. कांड्या भरणारी बाई. मागासाठी सूत कांडीवर गुंडाळायचं, दिवसभर चरख्यासमोर बसायचं, तेच तिचं काम. नवरा मागावर. नळाला पाणी येईना तेव्हा हिनं चाळीसेक बायांना रिकाम्या घागरी घेऊन महापालिकेच्या पायरीवर बसवलं होतं, आणि नळाला पाणी आलं होतं. ते मी उजवीकडे लिहिलं होतं. तिला अक्षरं लावून लावून वाचता यायचं, बस तेवढंच. तरी सगळ्या वॉर्डात तिची हवा होती.

मतदानाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी मी फळा पुसून उभा, तर मनोहर पानठेलेवाला धावत आला. त्याचा ठेला वसंतरावांच्या घरासमोर.

"गणपतभाऊ, काल सांजी चंद्रभागाबाई वसंतरावच्या घरी गेली होती. चांगली अर्धा घंटा होती. बाहेर आली तं ओटीत नारळ अन् खण!"

"तू पाह्यलं?"

"ह्या डोळ्यानं. गफूरले विचार."

गफूर सायकल दुरुस्तीवाला, त्याच चौकातला. मी त्याच्याकडे गेलो. तो पंक्चर काढत होता. मान वर न करता म्हणाला, "हाँ भाऊ, अपनी आँख से देखा. नारियल था, कपडा था. भाभी खुद दरवाजे तक छोडने आयी."

दोन साक्षी. वेगळी घरं. दोघांनी डोळ्यानं पाहिलेलं. आता बाहेरच्यांसाठी सांगतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांची ओटी भरतात ती बोरांनी, हरभऱ्यानं, उसाच्या कांड्यांनी. नारळ आणि खण देऊन ओटी भरली म्हणजे मान केला, नातं जोडलं. आणि निवडणुकीत 'बसणे' म्हणून एक प्रकार असतो. नाव मागे घ्यायची तारीख निघून गेलेली असते, मतपत्रिकेवर नाव राहतं, पण उमेदवार आतून समोरच्याशी मिळतो आणि आपल्या माणसांना तिकडे वळवतो. आमच्या वॉर्डात ह्याच्या आधी दोघे बसले होते. दोघांचा शेवट नारळावरच झाला होता.

मी खडू उचलला आणि उजवीकडे पहिल्या ओळीत ठळक लिहिलं: 'चंद्रभागाबाई बसल्या.'

हात जराही अडखळला नाही. तेच आज बोचतं.

दुपारी ती आली. डोक्याला सुताचा कापूस लागलेला, कामावरून तशीच उठून आली होती. मागं दहाबारा बाया. फळ्यासमोर उभी राहिली, बोट हवेत धरून एकेक अक्षर लावलं, आणि माझ्याकडे वळली.

"गणपतभाऊ, हे कोनं सांगतलं?"

"दोन साक्षी आहेत बाई. कायद्यानं लिहिलं."

"बोलाव."

मनोहर आला, गफूर आला. माणसं जमली. चंद्रभागाबाई आवाज न चढवता विचारायला लागली.

"मनोहर, मले आत जाताना पाह्यलं?"

"पाह्यलं."

"खरं आहे, मी गेली होती. बाहेर येताना ओटीत नारळ पाह्यला?"

"पाह्यला."

"तेबी खरं आहे. मी बसली, असं मी बोलताना ऐकलं?"

मनोहर गफूरकडे पाहायला लागला.

"नाई बा. ते तं आमी नाई सांगतलं. आमी नारळ सांगतला."

गफूर म्हणाला, "बैठी ये तो हमने बोलाच नहीं. भाऊ ने अपने मन से लिखा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक फळा सोडून माझ्याकडे पाहत होते. मला कळलं होतं. त्या क्षणीच कळलं होतं की साक्ष नारळापर्यंत होती आणि त्यापुढचं मला वाटलेलं होतं. माझं वाटणं मी रेघेच्या उजवीकडे लिहिलं, तेही बिननावानं. पहिलवानाला जे करू दिलं नाही ते मी स्वतः केलं.

पण मी जिद्दी माणूस. लोकांसमोर तर जास्तच. म्हणालो, "उजवीकडचं दिवसा पुसत नाई. उद्या सकाळी दुरुस्त करतो."

"उद्या? आज सांजी प्रचाराचे भोंगे बंद होतीन. मंग मी लोकायले सांगू कशानं?"

"तुमचं म्हणणं आता डावीकडे लिहितो. तुमच्या नावानं. कायदा आहे."

आणि मी लिहिलं: 'मी बसली नाही. – चंद्रभागाबाई.'

तिनं तेही अक्षर लावून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे भाऊ, तुले वाटलं ते झालं, अन् माह्यासंग घडलं ते म्हननं?"

एवढं बोलून ती गेली. तिच्यासोबतच्या एका म्हाताऱ्या बाईनं जाता जाता मला ऐकवलं, "लय शिकला वं हा, चवथी!" बाया हसल्या. मी वाचनालयात जाऊन पेपर नीट लावत बसलो. लावलेलेच पेपर पुन्हा लावले.

चारच्या सुमाराला चौकातला आवाज एकदम थांबला. मी बाहेर आलो. वसंतरावांच्या पत्नी शांताबाई फळ्यासमोर उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, पायात चपला, सोबत कोणी नाही. त्या घरची बाई अशी चौकात उभी राहिलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"गणपतराव, तुमाले दोन साक्षी लागतात ना? एक चंद्रभागा. दुसरी मी. त्या खोलीत आमी दोघीच होतो. लिहा."

"काय लिहू, वहिनी?"

"तिचं माहेर पारशिवनीचं. माहंबी पारशिवनीचं. एका गल्लीतल्या लेकी आमी. माहेरची लेक संक्रांतीची घरी आली, तिले काय मी बोरं देऊन वाटेला लावू? नारळ-खणानं ओटी भरली. निवडणुकीचा एक शब्द निघाला नाई. आमच्या गावची नदी, आमची आई, हेच बोलून राह्यलो होतो."

तेवढ्यात वसंतरावांचा एक कार्यकर्ता सायकलवरून आला. उतरून हळूच म्हणाला, "वहिनी, घरी चला. साहेब विचारून राह्यले. हे काय लावलं तुमी? आपलंच नुकसान आहे ना!"

त्या त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, "थांब गा. लिहून होऊ दे."

मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली. मंत्री आमच्या चौकात येऊन बोलून गेले, मी त्यांच्या पाण्याचा ग्लास धरून उभा राहिलो आहे. पण त्या दुपारी जे पाहिलं तसं कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याची निवडणूक, स्वतःचं घर, आणि ही बाई नारळ कशासाठी दिला तेवढं नीट लिहून घ्यायला चौकात उभी. मत तिचं नवऱ्यालाच गेलं असेल. ते तिचं ती जाणे. पण आपल्या खोलीत काय झालं ते दुसऱ्यानं ठरवावं हे तिला चालणार नव्हतं.

माझी जिद्द तिथं मोडली. मी खडू घेतला. ओळ पुसली नाही. तिच्यावर आडवी रेघ ओढली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि खाली लिहिलं: 'हे कोणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं ते मी लिहिलं. – गणपत. चंद्रभागाबाई बसल्या नाहीत. साक्ष: चंद्रभागाबाई, शांताबाई.' फळ्यावर माझं नाव तोवर कधी आलं नव्हतं.

शांताबाईंनी वाचलं, मान हलवली आणि घरी गेल्या. घरी त्यांच्याशी कोण काय बोललं ते मला माहीत नाही. मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

पण दुरुस्ती करून भागणार नव्हतं. सकाळचं वाक्य गल्लोगल्ली जाऊन बसलं होतं. सकाळी वाचणारा माणूस संध्याकाळी पुन्हा फळ्याशी येतोच असं नाही. भोंगे बंद झाले होते. मी मनोहरला म्हटलं, "ठेला बंद कर." गफूरला म्हटलं, "पाना ठेव खाली." आम्ही फळ्याचे खिळे काढले. शिसवी फळी होती, भारी. एका बाजूनं मनोहर, एका बाजूनं गफूर, मी पुढं. फळा जसा होता तसा उचलून गल्लीगल्लीतून निघालो.

मी दारोदारी उभा राहून मोठ्यानं वाचायचो. आधी खोडलेली ओळ, मग माझी चूक, मग माझं नाव, मग साक्ष. लोक माग थांबवून बाहेर यायचे. कोणी म्हणालं, "किती खाल्ले गा गणपत, सकाळी त्यायचे अन् सांजी ह्यायचे?" कोणी दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्या कोष्ट्यानं मात्र पुन्हा वाच म्हटलं, डोळे मिटून ऐकलं आणि मागावर जाऊन बसला. गफूर म्हणत होता, "भाऊ, हाथ टूट रहे." पण त्यानं फळा खाली ठेवला नाही.

तरी दोन गल्ल्या राहिल्या. पार टोकाच्या, नाल्यापलीकडच्या. अंधार पडला, अक्षर दिसेना, मनोहरच्या हाताला फोड आले होते. उद्या सकाळी जाऊ म्हटलं. सकाळी गेलो तेव्हा माणसं कामावर निघून गेली होती, आणि सांजी पुन्हा जायचं राहून गेलं.

मतदान झालं. रांगेत चंद्रभागाबाई उभी होती, पुढं चार बाया सोडून शांताबाई. दोघी माहेरी असल्यासारख्या बोलत होत्या. मी पाहत राहिलो. रांगेतला प्रत्येक जण आपापलं काही तरी मनात धरून आत जात होता आणि कोणालाच दुसऱ्याचं दिसत नव्हतं. एवढ्या माणसांचं एवढं वेगवेगळं वाटणं, आणि ते सगळं एका पत्र्याच्या पेटीत शांतपणे मावत होतं.

निकाल लागला. वसंतराव आले. चंद्रभागाबाई थोडक्यात पडली.

दुसऱ्या सकाळी मी फळा पुसला. उजवीकडे लिहिलं: 'वसंतराव निवडून आले. चंद्रभागाबाई थोडक्या मतांनी पडल्या.' त्याच्या खाली, तिथंच उजवीकडे लिहिलं: 'फळ्याच्या चुकीनं पडल्या.' मला तेवढं तरी करायचं होतं. मोहल्ल्यात सगळेच तसं म्हणत होते. नाल्यापलीकडच्या दोन गल्ल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

ती आली. कांड्यांची टोपली कमरेवर. बोट धरून वाचलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीशी थांबली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्ही मी ऐकून घेणार होतो.

टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, हे कोनं पाह्यलं?"

"काय?"

"पेटीत वाकून पाह्यलं तुनं? कोन काहून कोनाले देऊन गेलं, हे तुले काय मालूम? असंन मी नसंन आवडली. बाई म्हणून नसंन दिलं. नाल्यापल्याड मी स्वताच फिरली नाई. पुस ते."

"पण बाई, सगळेच म्हणून राह्यले..."

"मंग त्या बाजूले लिव्ह. तुह्या नावानं."

हरलेल्या बाईला हरण्याचं कारण आयतं मिळत होतं. चौकात, ठळक अक्षरात, ज्याची चूक त्याच्याच हातानं. आयुष्यभर सांगायला पुरलं असतं. तिनं ते घेतलं नाही, कारण ते कोणी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी रेघ मारली होती, मी ती वर्षानुवर्षं खडूनं गिरवत होतो, पण ती रेघ कशासाठी असते हे त्या कांड्या भरणाऱ्या बाईनं मला त्या दिवशी दाखवलं.

मी पुसलं. दिवसाच पुसलं. डावीकडे लिहिलं: 'फळ्याच्या चुकीनं पडल्या. – गणपत.' तिनं नाव नीट आहे का पाहिलं, टोपली उचलली आणि कामाला गेली.

आता माग बंद पडले. पोरं कोणी कळमन्याच्या बाजारात पोती उचलतात, कोणी कारखान्यात. वाचनालय मोडलं, मी मुलाकडे नंदनवन वस्तीत राहायला आलो. घरात टीव्ही आहे, त्यावर माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत आणि कोण पाहून बोलतं, कोण वाटून बोलतं, ते ओळखायला मला मधली रेघ सापडत नाही. चंद्रभागाबाई पुढं दोनदा उभी राहिली आणि दोन्हीदा पडली. नळावरून भांडायचं तिनं सोडलं नाही.

फळी मी सोबत आणली. भिंतीला उभी आहे. तिच्यावर आता काही लिहिलेलं नाही, पण डावीकडची, माझ्या नावाची ती ओळ मला दिसते. कधी वाटतं, इतकी वर्षं झाली, आता ती उजवीकडे न्यावी. खडूही घेतो हातात. पण दुसरी साक्ष मला अजून मिळालेली नाही.